वर्गातल्या सामूहिक लेखनासाठी डोकूविकी: गोव्यातल्या मराठी वर्गांसाठी एक परीक्षण

शाळेतलं इंटरनेट बेभरवशाचं असेल, मुलं मराठीत लिहिणार असतील आणि कोणी काय लिहिलं हे शिक्षकाला वाक्यावाक्याने बघायचं असेल, तर डोकूविकी घ्या. विकी म्हणजे ब्राउझरमध्ये अनेकांनी मिळून लिहायची, एकमेकांना जोडलेली पानं. कॉलेजात मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) आधीपासून चालू असेल तर त्यातला विकीही चालेल, पण त्याच्या मर्यादा ओळखून. मराठी विकिपीडियावर मात्र मुलांना पहिल्याच दिवशी नेऊन बसवू नका.

डोकूविकी 2004 पासून आहे. आंद्रेआस गोर यांनी सुरू केलेलं हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. अपाची (पानं पुरवणारा सर्व्हर) आणि पीएचपी (डोकूविकी ज्या भाषेत लिहिलंय ती) चालेल असा लॅबमधला जुना डेस्कटॉप पुरतो. तो राउटरला जोडला, त्याला कायमचा आयपी पत्ता दिला, की मुलांनी ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकायचा आणि लिहायला लागायचं. बाहेरचं इंटरनेट असो वा नसो. पेडणे-सत्तरीकडच्या शाळांत जून ते सप्टेंबर नेट कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे एवढ्या एका कारणासाठीही हे सॉफ्टवेअर निवडावं.

पण मुळात विकी कशाला? मुलांनी मिळून लिहायचं तर एकाच फाइलवर लिहिता येतंच. विकीचं खरं मोल त्याच्या इतिहासात आहे. समजा तिसवाडीतल्या एखाद्या वर्गाने खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन) हा विषय घेतला. पहिल्या मुलाने लिहिलं, 'मानस म्हणजे पाणी अडवायचं दार.' दुसऱ्या दिवशी एका मुलीने ते बदललं: 'मानस म्हणजे बांधात बसवलेली लाकडी झडपांची दारं. भरती आली की ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी नदीत सोडतात.' तिसऱ्याने 'आपोआप' खोडून तिथे 'पाण्याच्या दाबाने' घातलं. 'जुन्या आवृत्त्या' उघडून कुठल्याही दोन आवृत्त्यांवर खूण केली की डावीकडे जुनं, उजवीकडे नवं, बदललेले शब्द वेगळ्या रंगात आणि वर नाव, तारीख, वेळ. तिसऱ्या मुलाने दोनच शब्द बदलले, पण त्याच दोन शब्दांनी दार का मिटतं हे सांगितलं. छापून आणलेल्या प्रकल्पवहीत हे काम कुणाला दिसलं नसतं आणि त्याचे गुणही मिळाले नसते. म्हणून वर्गासाठी विकी निवडताना आमची कसोटी एकच: शिक्षकाला हा इतिहास किती सहज आणि किती विश्वासाने वाचता येतो.

बसवणं सोपं आहे. फाइली सर्व्हरच्या फोल्डरात टाकून इन्स्टॉलचं पान उघडायचं. तिथे तीन धोरणं विचारली जातात: खुला, सार्वजनिक आणि बंद. शाळेसाठी 'बंद' निवडा, म्हणजे नोंदवलेल्या वापरकर्त्यांनाच वाचता-लिहिता येतं. स्वतः नोंदणी करण्याची सोय काढून टाका, नाहीतर एकाच मुलाची तीन खाती तयार होतात आणि इतिहासाला अर्थ राहत नाही. काम झालं की इन्स्टॉलची फाइल पुसून टाका. मेनूसाठी मराठी भाषा निवडता येते. अनुवाद पुरा नाही, काही सूचना इंग्रजीतच दिसतात, पण रोजची बटणं मुलांना कळतात.

आता दोन गोष्टी पहिलं पान तयार होण्याआधीच करायच्या. नंतर केल्या तर त्रास होतो.

पहिली म्हणजे वेळ. डोकूविकी प्रत्येक आवृत्ती तिच्या वेळेवरून ओळखतं. त्यामुळे सर्व्हरचं घड्याळ चुकलं की इतिहासाचा क्रमच बिघडतो. कमी जागेत बसतो म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्यायचा मोह होतो, पण पाय 4 पर्यंतच्या कुठल्याही मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली आणि परत आली की इंटरनेटशिवाय त्याला खरी वेळ कळत नाही. आज दुपारी लिहिलेलं कालच्या सकाळच्या वेळेने नोंदलं जातं. डेस्कटॉपमध्ये गोल नाण्याएवढी सीआर 2032 बॅटरी असते. जुन्या यंत्रात ती आधी बदलून घ्या. पीएचपीच्या सेटिंगमध्ये वेळपट्टा 'एशिया/कोलकाता' ठेवा, नाहीतर सगळ्या नोंदी साडेपाच तास मागे दिसतात. छोटा यूपीएस तर हवाच.

दुसरी गोष्ट फाइलींच्या नावांची, आणि मराठीत लिहिणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. पानाचं शीर्षक हेच फाइलचं नाव होतं. मूळ सेटिंगमध्ये डोकूविकी इंग्रजीपलीकडची अक्षरं टक्के-चिन्हांच्या संकेतात बदलतं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाइटचं असतं, या संकेतात ते 9 बाइटचं होतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. लिनक्सवर फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा. 'गोवा मुक्तिसंग्रामातील स्त्रियांचा सहभाग' हे शीर्षक घ्या: 37 चिन्हं गुणिले 9 म्हणजे 333, शब्दांमधल्या 3 अधोरेखा धरून 336. पान जतनच होत नाही, आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. शिवाय जुन्या आवृत्तीच्या फाइलनावात वेळेचा आकडाही जोडला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात 26 चिन्हांच्या आत राहावं लागतं. उपाय सोपा आहे. व्यवस्थापकाच्या सेटिंगमध्ये फाइलनावांचं एन्कोडिंग 'यूआरएल'वरून 'यूटीएफ-8' करा. तेच शीर्षक 114 बाइटमध्ये बसतं. पानं तयार झाल्यावर हे बदललं तर जुनी पानं विकीला सापडत नाहीत, म्हणून आधीच करायचं.

लिहिताना येणारी अडचण कळफलकाची. विकीत दुवा द्यायला दुहेरी चौकटी कंस [[ ]], मथळ्याला बरोबरची चिन्हं आणि ठळक अक्षरांना दोन तारे लागतात. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर यातलं एकही सरळ मिळत नाही. चौकटी कंसाच्या कळीवर ड आणि नुक्ता, बरोबरच्या कळीवर ृ, शिफ्ट आणि 8 दाबलं तर श्र. दर दुव्याला भाषा बदलायची म्हटलं की मुलं दुवे द्यायचं सोडून देतात आणि विकीचं एक लांबलचक निबंधपान होऊन बसतं. डोकूविकीच्या लेखनचौकटीवर बटणांची पट्टी आहे. दुवा, मथळा, ठळक, यादी सगळं तिथून घालता येतं. पहिल्या तासाला चिन्हं शिकवूच नका, ही पट्टी शिकवा.

'किनाऱ्यावरची गावं' हे शीर्षक दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्यात र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण विकीच्या दृष्टीने ती दोन वेगळी पानं. दुवा लाल दिसतो, मूल म्हणतं 'पान तर आहे', आणि मग त्याच विषयाचं दुसरं पान तयार होतं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. म्हणून गटाने आधी शीर्षकांची यादी एका पानावर ठरवायची, शिक्षकाने ती तपासून पानं उघडून द्यायची, आणि मुलांनी शीर्षक पुन्हा टंकण्याऐवजी तिथून उचलायचं. चुकलेलं शीर्षक बदलण्याची सोय मूळ डोकूविकीत नाही. त्यासाठी 'मूव्ह' नावाचं प्लगइन (वरून जोडायची सोय) घाला, ते पानाचं नाव बदलताना दुवेही दुरुस्त करतं.

एक मर्यादा मान्यच करावी लागेल. एका वेळी एका पानावर एकच जण लिहू शकतो. कोणी संपादन उघडलं की पानाला कुलूप लागतं. मथळ्यानुसार तुकडा संपादन करायचं बटण दिसतं, पण कुलूप अख्ख्या पानालाच. मूळ मुदत 900 सेकंद, म्हणजे 15 मिनिटं. मुलगा न जतन करता खिडकी बंद करून उठला तर बाकीचे चौघं तोवर खोळंबतात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासाला हे परवडत नाही. सेटिंगमध्ये मुदत 300 सेकंदांवर आणा. टंकत राहिलं की कुलूप लांबत जातं आणि मसुदाही आपोआप साठतो, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नुकसान होत नाही. 'जतन करा' किंवा 'रद्द करा' दाबल्याशिवाय जागा सोडायची नाही, ही सवय पहिल्या आठवड्यातच लावावी लागते.

पण खरा तोडगा रचनेत आहे. खाजनच्या गटाला एक मोठं पान न देता 'खाजन' या नामविश्वात (पानांच्या फोल्डरात) पाच पानं द्या: बांध, मानस, कोरगुटासारखं खारं पाणी सोसणारं भात, मासेमारी आणि गावकारीची, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायची, व्यवस्था. 'इन्क्लूड' प्लगइनने ही पाचही पानं एका मुख्य पानात जोडून दाखवता येतात. पाच मुलं एकाच वेळी लिहू शकतात आणि वाचणाऱ्याला एकसंध लेख मिळतो. मात्र प्रत्येक पान एकाच मुलाच्या नावावर सोडलं की पुन्हा पाच सुटे निबंध होतात. दुसऱ्या आठवड्यात पानांची अदलाबदल सक्तीची करा: बांधाचं पान लिहिणाऱ्याने मानशीचं पान सुधारायचं, मानशीवाल्याने भाताचं. दुसऱ्याच्या वाक्याला हात लावणं मुलांच्या जिवावर येतं. मैत्रिणीचं लिखाण खोडलं तर तिला राग येईल ही भीती खरी असते, आणि पुसलेलं इतिहासातून परत आणता येतं हे एकदा वर्गासमोर करून दाखवल्याशिवाय ती जात नाही.

परवानग्यांबाबत एक गैरसमज हमखास होतो. मुलांना 'डिलीट'ची परवानगी दिली नाही म्हणजे पान पुसलं जाणार नाही असं वाटतं. तसं नाही. ती परवानगी फक्त चित्रं आणि जोडलेल्या फाइलींसाठी आहे. संपादनाचा हक्क असलेला कोणीही पान रिकामं करून जतन करू शकतो, आणि रिकामं पान म्हणजे पुसलेलं पान. घाबरायचं कारण नाही, जुनी आवृत्ती उघडून पुन्हा जतन केली की ते परत येतं. प्रत्येक गटाला आपल्या नामविश्वात लेखनाचा आणि इतरांच्या नामविश्वात फक्त वाचनाचा हक्क द्या.

खाती उघडताना मुलांचं लॉगिन रोमन लिपीत आणि हजेरी क्रमांकावरून ठेवा, पूर्ण नाव मराठीत. यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलने एकदम भरता येते, पण पासवर्ड ईमेलने पाठवायची रचना आहे. शाळेच्या बंद जाळ्यात ईमेल नसतो, तेव्हा 40 मुलांचे पासवर्ड हाताने भरावे लागतात. डोकूविकीची ही उणीव खटकते. दोघा शिक्षकांनी मिळून एक दुपार त्यासाठी राखून ठेवावी.

गुण देताना बाइटच्या आकड्यांवर जाऊ नका. अलीकडच्या बदलांच्या यादीत प्रत्येक बदलापुढे किती बाइट वाढले ते दिसतं, आणि मराठीत 300 बाइट म्हणजे जेमतेम 100 चिन्हं. शिवाय कुठून तरी उचलून चिकटवलेला उतारा तिथे सगळ्यात मोठा आकडा दाखवतो. एकाच जतनात तीन-चार हजार बाइट वाढलेले दिसले, आधी-नंतर काहीच नाही आणि भाषा अचानक सफाईदार झाली, तर मुलाला बोलावून तो परिच्छेद तोंडी समजावून सांगायला लावा. घरी वर्डमध्ये लिहून शेवटच्या रात्री सगळं चिकटवणारे गटही असतात. त्यांचं लेखन चांगलं असू शकतं, पण सामूहिक कामाचा पुरावा उरत नाही. म्हणून अट घाला: चार आठवड्यांत दर आठवड्याला प्रत्येकाचे निदान दोन बदल, आणि प्रत्येक बदलाला 'सारांश' चौकटीत एक ओळ. 'दुरुस्ती केली' असं नको, 'भरती-ओहोटीचं कारण घातलं' असं हवं.

20 गुणांची वाटणी अशी जमते: गटाच्या अंतिम लेखाला 8, स्वतः घातलेल्या मजकुराला 5, दुसऱ्याच्या मजकुरात केलेल्या सुधारणेला 5, सारांश आणि चर्चेला 2. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मजकुराला सारखंच वजन ठेवलं तरच अदलाबदल मनापासून होते. एका गटाचा इतिहास नीट वाचायला 15 ते 20 मिनिटं धरा. एकेका मुलाचे सगळे बदल एकत्र दाखवायची सोय मूळ डोकूविकीत नाही. 'चेंजेस' प्लगइन घातलं की नावानुसार यादी मिळते. हे प्लगइन पहिल्याच दिवशी घालावं.

मूडलच्या विकीची बाजू अशी. हजेरीपट, गट, लॉगिन आधीच तयार असतात, हा मोठा फायदा. 'स्वतंत्र गट' निवडलं की प्रत्येक गटाला आपोआप आपापला विकी मिळतो. एचटीएमएल प्रकार (वर्डसारखी बटणं असलेला) निवडला तर कळफलकाची कटकटही बरीच कमी होते. पण सामूहिक विकी की वैयक्तिक, हे एकदा ठरवल्यावर बदलता येत नाही, पहिल्या पानाचं नावही नाही. कुठल्याच गटात नाव नसलेल्या मुलाला काही लिहिता येत नाही, आणि उशिरा प्रवेश घेतलेल्यांच्या बाबतीत हे नेहमी राहून जातं. मूडलच्या मूळ विकीत गुण भरायची जागाच नाही. त्यासाठी वेगळी असाइनमेंट उघडून तिथे गुण द्यावे लागतात. इतिहास आणि तुलना दोन्ही आहेत, तरी पानापानावर जाऊन बघताना बऱ्याच टिचक्या माराव्या लागतात. पदवीच्या वर्गाला, जिथे मूडल रोज वापरात आहे, तिथे ठीक. फक्त विकीसाठी मूडल बसवणं म्हणजे विनाकारण मोठा व्याप.

गूगल डॉक्समध्ये सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येतं, तेव्हा दोन पानांच्या एका निबंधाला ते विकीपेक्षा सरस. पण एकमेकांना जोडलेली वीस-पंचवीस पानं उभी करायची असतील, तर तिथे कागदपत्रांचा नुसता ढीग होतो. आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर विसंबताना विकीस्पेसेसची आठवण ठेवावी. जगभरच्या शिक्षकांची ती आवडती मोफत विकीसेवा होती. 2018 मध्ये ती बंद झाली आणि वर्गांना आपली पानं हलवावी लागली.

राहिलं मराठी विकिपीडिया. ते 2003 पासून चालू आहे, आणि गोव्यातल्या गावांवर, झाडांवर, लोककलांवर तिथे लिहिण्यासारखं अजून पुष्कळ आहे. तरीही पहिला मुक्काम तो नको. तिथला इतिहास जगाला दिसतो आणि कायम राहतो, म्हणून खऱ्या नावाने खातं उघडणं शाळकरी मुलांसाठी योग्य नाही. आजोबांनी सांगितलेली मानशीची गोष्ट वर्गाच्या विकीत सोन्यासारखी, पण विकिपीडियाला छापील किंवा पडताळता येईल असा संदर्भ हवा. तो नसेल तर मजकूर काढला जातो आणि मूल हिरमुसतं. वर्गाच्या विकीवर पिकलेले, संदर्भ जोडलेले दोन-तीन लेख निवडून आधी तिथल्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) न्या, मग लेखात. आपला मजकूर सीसी बाय-एसए 4.0 परवान्याखाली जातो, म्हणजे तो कोणीही श्रेय देऊन वापरू शकतो, हे मुलांना आणि पालकांना आधी सांगा. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. लॅबमध्ये सातव्या मुलाला नकार आला की गोंधळ उडतो, तेव्हा खाती पालकांच्या संमतीने घरूनच उघडून आणायला सांगा.

वर्ष संपताना डोकूविकीची 'डेटा' आणि 'कॉन्फ' ही दोन फोल्डरं पेनड्राइव्हवर उतरवा. पानं, इतिहास, चित्रं, खाती, परवानग्या सगळं त्यात येतं. पालकांना द्यायला छापील प्रत हवी असेल तर पीडीएफच्या प्लगइनपेक्षा ब्राउझरच्या प्रिंटमधून काढा, जोडाक्षरं बिघडत नाहीत. शाळा सोडून गेलेल्या मुलांची खाती पुसू नका. पुसली तर पूर्ण नाव जाऊन इतिहासात फक्त लॉगिन उरतं. त्यांना एका वेगळ्या गटात टाकून फक्त वाचनाचा हक्क ठेवा. आणि पुढच्या वर्गाला कोरं पान देण्यापेक्षा हीच पानं द्या. खाजनच्या पानावर गेल्या वर्षी काय राहून गेलं, हे शोधण्यापासून त्यांचं लेखन सुरू होऊ द्या.